नुसता कोवाच

"कोणता कोवाच?" पाथरवट गुबिकनं तिसऱ्यांदा विचारलं आणि आम्ब्रुशकाकांनी तिसऱ्यांदा टेबलावर मूठ आपटली.

"सांगितलं ना! कोवाच आम्ब्रुश. किशहोमोकचा."

"ते ऐकलं हो, काका. पण गेल्या वर्षी तुमच्या गावाला मी कबरींचे नऊ दगड दिले, त्यातले सात कोवाचांचे. खाली काहीतरी कोरायला हवं ना? बदक कोवाच, तीनटोप्या कोवाच, उकडबटाटा कोवाच... तुमच्या घराला काय म्हणतात?"

"काही म्हणत नाहीत."

शेजारी बसलेल्या बोरिश्काकाकू खिडकीतून बाहेर बघू लागल्या. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला केव्हा खिडकीबाहेर बघायचं हे बरोबर कळतं.

गुबिकचं चुकत नव्हतं. किशहोमोक म्हणजे वाळूवर वसलेलं, चारशे धुराड्यांचं गाव. त्यातल्या एकशे बारा धुराड्यांखाली कोवाच आडनावाचे लोक राहत. शाळेत मास्तरांनी "कोवाच!" अशी हाक मारली की अर्धा वर्ग उभा राही, आणि एकट्यानं बसून राहायला लाज वाटते म्हणून उरलेलाही उठे. मग करायचं काय? प्रत्येक घराला एक टोपणनाव. ते दारावर, ते पंचायतीच्या दप्तरात, ते टपालावर आणि शेवटी ते कबरीच्या दगडावर. ज्या पाकिटावर टोपणनाव नसेल ते पाकीट तेरा घरं हिंडून, तेरा चुलींच्या वाफेवर उघडून, वाचून, पुन्हा चिकटवून मग मालकाच्या हाती पडायचं. मालकाला पत्र वाचायची गरजच उरत नसे. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण त्याला मजकूर सांगायचा.

आम्ब्रुशकाकांच्या घराचं टोपणनाव होतं रडका.

म्हणे काकांच्या पणजोबांनी एक डुक्कर पाळलं होतं, आणि हिवाळ्यात ते कापायच्या दिवशी पणजोबा त्याच्या गळ्यात पडून असे रडले की खाटीकही रडला आणि शेवटी डुक्कर सोडून सगळ्यांनी कोबी खाल्ला. गोष्ट खरी की खोटी देव जाणे, पण नाव घराला चिकटलं ते चिकटलंच. आम्ब्रुशकाका स्वतः पिंपं बनवणारे. हात ओकाच्या फळ्यांसारखे, छाती पिंपासारखी. जन्मल्यावर एकदा रडले असतील तेवढंच. काकू कांदा चिरायला बसल्या की काका मुद्दाम पाटावर वाकून, डोळे टक्क उघडे ठेवून उभे राहत. डोळे लालभडक होत, पण पाण्याचा थेंब येत नसे. रस्त्यात कोणी "ओ रडके!" म्हणून हाक मारली तर अडुसष्ट वर्षांत एकदाही त्यांनी वळून पाहिलं नव्हतं. एकदा तर लोक "रडके, बैल आला!" म्हणून ओरडत होते, तरी वळले नाहीत. बैलच बाजूनं गेला.

आणि आता, जिवंतपणीच आपला दगड आपल्या पसंतीनं करून ठेवावा, नाव कोरून मरणाचं साल तेवढं कोरं सोडावं, ही गावाची रीत पाळायला ते तालुक्याला आले होते. एकच इच्छा होती. वर गेल्यावर देवानं काहीही म्हणावं, खाली मात्र आपण आपल्या सरळ नावानं झोपायचं.

"लिही," ते म्हणाले. "कोवाच आम्ब्रुश, एकोणीसशे बारा, मग एक रेघ. संपलं."

"आणि खाली 'सौ. कोवाच आम्ब्रुश'," काकू म्हणाल्या. तिकडे लग्न झालं की बाईला नवऱ्याचं आख्खंच्या आख्खं नाव मिळतं. "माझं जन्मसाल घालायचं नाही."

"काकू, सगळे घालतात."

"घालू देत. आयुष्यभर लपवलेलं वय आता दगडावर कोरून बायकांना वाचायला ठेवू?"

गुबिकनं उसासा टाकला आणि कागदावर लिहिलं: कोवाच आम्ब्रुश, किशहोमोक.

* * *

दगड मंगळवारी यायचा होता. पण ऑक्टोबर महिना, द्राक्षं उतरलेली, आणि गावातलं प्रत्येक पिंप नेमकं त्याच दिवशी गळायला लागलेलं. काकांना मान वर करायला सवड झाली नाही. बुधवारी सकाळी त्यांनी रविवारची टोपी घातली, मिशीला मेण लावलं आणि स्वतःची कबर बघायला निघाले.

त्यांची जागा कांद्याच्या वाफ्यासारखी सपाट होती. दगड नव्हता.

तीन ओळी पलीकडे मात्र बायकांचा घोळका होता. मधोमध, आरशासारखा चकचकणारा काळा दगड. आणि काकांच्या मित्राची बायको तेरेज आपल्या पदरानं... म्हणजे एप्रनच्या टोकानं तो पुसत होती.

"या, या, आम्ब्रुशभावजी!" तिनं हाक मारली. डोळे भरून आलेले. "बघा तुमच्या मित्रानं काय केलं! चाळीस वर्षांत कधी साधा रुमाल आणला नाही हो, आणि आता न सांगता, न सवरता हा दगड! मी काल फुलांना पाणी घालायला आले, तर फाटकात गाडी उभी. माणूस विचारतोय, कोवाच आम्ब्रुशची जागा कुठली? म्हटलं, आमचीच की!"

हेही खोटं नव्हतं. तिचा नवराही कोवाच आम्ब्रुशच. त्याच साली, त्याच आठवड्यात जन्मलेला. संत आम्ब्रुशचा सण जवळ होता म्हणून तेव्हाच्या पाद्र्यानं दोघांना एकाच दमात एकच नाव देऊन टाकलं होतं. त्याच्या घराला भोपळा म्हणत, आणि तो त्या नावाला जागला होता.

"तेरेजवहिनी," काका म्हणाले, "हा दगड माझा आहे."

घोळक्यानं दगडाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. मग एक बाई खुदकन हसली.

"काहीतरीच काय, भावजी!" तेरेज म्हणाली. "वाचा की. नाव ह्यांचं, साल ह्यांचं, खाली मी!"

काका तडक भोपळ्याच्या घरी गेले. भोपळा गळ्याला रुमाल बांधून भरल्या कोबीचा फडशा पाडत होता. समोर डुकराच्या मांसाचा रस्सा, बाजूला खसखशीची गुंडाळी.

"आम्ब्रुश, माझा दगड परत दे."

"हळू बोल ना बाबा!" भोपळ्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "बस. कोबी खा."

"दगड!"

"अरे, ऐक तर. काल ती घरी आली आणि माझ्या गळ्यात पडली. मला वाटलं, कोणीतरी मेलं. मग कळलं की मी दगड आणलाय. आता अशा वेळी माणूस काय म्हणणार?"

"माणूस म्हणतो, मी नाही आणला!"

"तुझ्या बायकोला तू असं म्हणून दाखव एकदा." भोपळ्यानं घास घेतला. "लग्नानंतर पहिल्यांदा मला सकाळी अंथरुणात कॉफी मिळाली. आता तो दगड गेला तर कॉफी तर जाईलच, पण दगडाऐवजी ती मलाच तिथं उभा करील."

"तो माझा प्रश्न नाही. दगड माझा आहे."

"असं कुठं लिहिलंय?" भोपळा आता अंगावर आला. जेवलेल्या माणसाला धीर येतो. "नाव माझंही. साल माझंही. मागणीच्या कागदावर काय आहे?"

काकांनी टोपी काढली.

"बरं, तुझ्या बोरिश्काचं जन्मसाल तरी असेल दगडावर?"

काकांनी टोपी पुन्हा घातली.

"हे बघ. चारचौघांत एकदा लिहून दे की, हा दगड रडका कोवाचचा. मी तेरेजला काहीतरी थाप मारीन आणि आपल्या हातानं उचलून देईन."

"हात तोडून देईन," आम्ब्रुशकाका म्हणाले, "पण त्या हातानं ते लिहिणार नाही."

* * *

फादर होर्वात देवळामागे मधमाश्यांच्या पेट्या साफ करत होते. काका पेट्यांच्या मधोमध येऊन उभे राहिले. एक माशी मिशीवर बसली. काकांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही, म्हणून तीच ओशाळून उडाली.

"फादर, या गावातला पहिला कोवाच कोण?"

"का हो?"

"पहिल्याला टोपणनाव कशाला लागेल? नंतरच्यांना लागतं. पहिला जर आमच्या घरचा निघाला, तर साधं कोवाच हे नाव आमचं, आणि साधा दगडही आमचा. बाकीच्यांनी आपापले भोपळे घेऊन चालू पडावं."

फादरनी हातमोजे काढले. "आम्ब्रुश, कोवाच म्हणजे काय? लोहार. गावोगाव एक भट्टी, म्हणून गावोगाव एक कोवाच. आणि खरं सांगू? शब्दही मुळात आपला नाही. आपले पूर्वज घोड्यांवरून इथं आले, तर आधीपासून इथं स्लाव लोक राहत होते. त्यांचा शब्द हा. आपण त्यांच्याकडून घेतला."

काकांची मिशी ताठ झाली. आयुष्यभर शिव्या घालताना ते उत्तरेकडच्या स्लोवाक लोकांना घालत आले होते, आणि स्वतः फिरत होते त्यांचंच नाव लावून. दुसरा कोणी असता तर तिथंच बसला असता.

"घेतला तर घेतला!" काका गरजले. "हजार वर्षं वापरलाय आम्ही. आता परत मागायला कोणी आलं तर गाठ माझ्याशी आहे म्हणावं!"

"परत कोण मागतंय? माझंच बघा. होर्वात म्हणजे क्रोएशियाचा. मी तो देश नकाशात पाहिलाय फक्त."

"पण एका भट्टीवर एकशे बारा लोहार कसे झाले?"

"ते वहीत बघावं लागेल. जुनी लॅटिन वही आहे."

"रविवारी बघा," काका म्हणाले. "सगळ्यांसमोर. मोठ्यानं."

"आम्ब्रुश, वहीत काय निघेल ते मला ठाऊक नाही."

"मला ठाऊक आहे," काका म्हणाले, आणि ताठ मानेनं निघून गेले.

रविवारी देऊळ इतकं भरलं की ईस्टरलाही भरत नाही. एकशे बारा घरचे कोवाच, आणि मजा बघायला आलेले बाकीचे. भोपळा दुसऱ्या रांगेत, तेरेजच्या शेजारी, नव्या कडक कॉलरमध्ये. आम्ब्रुशकाका पहिल्या रांगेत. फादरनी चामडी वही उघडली, चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचलं:

"सतराशे एकतीस. या साली, तुर्कांनंतर ओस पडलेल्या या गावात, उत्तरेकडून मात्याश नावाचा लोहार आला. भाषेनं स्लोवाक. भट्टी घातली. त्याला पाच मुलगे. गावात कोवाच म्हणून त्याचीच नोंद. भट्टीच्या धुरानं त्याचे डोळे कायम पाणावलेले असल्यामुळे लोक त्याला..."

फादर थांबले.

"वाचा, फादर!" काका म्हणाले.

"...रडका म्हणत."

फादरनी वही मिटली. मग सगळ्या माना एकदम आम्ब्रुशकाकांकडे वळल्या. काका उभे होते. त्यांच्या एका गालावर विजय होता आणि दुसऱ्यावर चपराक. पहिला कोवाच त्यांच्याच घरचा निघाला होता. फक्त तो साधा कोवाच नव्हता. साधा कोवाच या गावात कधी झालाच नव्हता.

"डुक्कर नव्हतं!" बोरिश्काकाकू हळूच म्हणाल्या. "अहो, धूर होता. डुक्कर नव्हतं!"

आणि तेवढ्यात भोपळा उठला. "माझी आजी रडक्यांच्या घरातली! आईच्या बाजूनं मीही रडकाच!"

"मग आम्ही कोण?" उकडबटाटा मागून ओरडला. "पाच मुलगे होते म्हणालात ना, फादर? मग चार बाकी आहेत!"

"आमचे डोळे बघा," तीनटोप्या कोवाच पुढे घुसत म्हणाला, "वंशपरंपरेनं पाणावतात!"

पुढं जे झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांनाच खरं वाटेल. ज्या नावानं तीन पिढ्या एकाच घराला चिडवलं, त्या नावावर आता एकशे बारा घरांनी हक्क सांगितला. देवळाच्या दारात दोन धिप्पाड माणसं एकमेकांच्या कॉलरला धरून "मी जास्त रडका!" म्हणून भांडत होती. सोमवारी दुपारपर्यंत गावातल्या दुकानातले रुमाल संपले. बदक कोवाच तर एरवी घोड्यासारखा हसणारा माणूस. तोही हातात कांदा घेऊन फिरू लागला.

आम्ब्रुशकाकांनी दोन दिवस विचार केला. पहिला दिवस त्यांना राग आला. दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटलं. धूर म्हणजे कष्ट. आगीजवळ उभं राहिल्याची खूण. शेवटी बुधवारी त्यांनी रविवारची टोपी घातली आणि बसनं तालुक्याला निघाले. गुबिकला सांगायचं, लिही बाबा, 'रडका' लिही, आणि माझा दगड मला दे.

गुबिकच्या अंगणात रांग होती. सतरा माणसं, सगळी किशहोमोकची. दारातून भोपळा बाहेर येत होता.

"सोमवारी येतोय गुबिक," भोपळा आनंदानं म्हणाला, "माझ्या दगडावर 'रडका' कोरायला. तेरेज म्हणाली, घराण्याची शोभा आहे."

काका रांगेत उभे राहिले. सगळ्यांत शेवटी त्यांचा नंबर आला. गुबिकचे डोळे लाल झाले होते, पण ते थकव्यानं.

"या, काका. रडकाच ना?" त्यानं पेन्सिल उचललीसुद्धा.

आता ज्या माणसाला बैलासाठीही वळायचं ठाऊक नाही, तो सतरा माणसांच्या मागे अठरावा होऊन रडेल का?

"नाही," काका म्हणाले.

"मग कोणता?"

"नुसता," काका म्हणाले, आणि टोपी घालून बाहेर पडले.

* * *

घरामागच्या पडवीत आजोबांच्या वेळचा द्राक्षं पिळायचा घाणा होता. त्याची ओकाची तुळई, माणसाच्या उंचीपेक्षा मोठी, शंभर वर्षांची वाइन पिऊन लोखंडासारखी झालेली. काकांनी ती खाली उतरवली. पिंपाच्या पटाशीनं चार दिवस ठोकत बसले.

"अहो, दगड सोडून दिलात?" काकूंनी दारातून विचारलं.

"दगड कुणाचाही असतो. ही तुळई माझी आहे."

"काय लिहिताय?"

"कोवाच आम्ब्रुश."

"आणि मी?"

"सौ. कोवाच आम्ब्रुश."

"साल?"

"नाही लिहीत," काका म्हणाले. "सगळं कळतं मला."

काकूंनी पटाशीखालून निघालेली ढलपी उचलली, वास घेतला आणि म्हणाल्या, "चांगला वास आहे. जुन्या लाल वाइनचा. इथं झोपायला हरकत नाही."

सर्व संतांचा, कबरींवर फुलं वाहायचा दिवस आला. सकाळपासून शेवंतीच्या कुंड्या घेऊन शहरातले नातेवाईक गावात उतरू लागले. आणि दुपारी कबरस्तानात जो गोंधळ झाला त्याला तोड नाही. एकेचाळीस दगडांवर कोवाच, आणि एकेचाळीसांवर रडका. दगडांवरून बदक गेलं, भोपळा गेला, उकडबटाटा गेला. सेगेदहून आलेल्या एका बाईनं आपल्या बापाच्या नावानं तिघांच्या कबरींवर फुलं वाहिली आणि चौथ्याला हात जोडून म्हणाली, "आता तुम्हीच काय ते वाटून घ्या." दोन भाऊ एका परक्या आजीच्या कबरीसमोर तासभर गुडघे टेकून बसले, आणि तिच्या खऱ्या नातवानं त्यांना धक्के मारून उठवलं.

आणि मधोमध एकच काळपट ओकाचा खांब. त्यावर नाव, बस्स. बाकी काही नाही. ज्याला कुणाला वाट चुकली त्याला लोक सांगत, "त्या नुसत्या कोवाचपासून तिसरी ओळ, मग उजवीकडे."

तीन वाजता भोपळा काकांजवळ आला. कॉलर मऊ पडली होती.

"आम्ब्रुश, ऐक ना. तो दगड घेऊन जा."

"कोणता दगड?"

"तुझा! अरे, तेरेजला सगळ्या बायका रडकी म्हणायला लागल्यात. आणि आज सकाळपासून आमच्या कबरीवर चौघांनी फुलं वाहिली, एकानं तर माझ्या आत्म्यासाठी प्रार्थना केली. मी मागे उभा होतो! कॉफी बंद झाली. मी खरं सांगून टाकलंय तिला. ने बाबा तुझा दगड."

आम्ब्रुशकाकांनी चष्मा लावला, तीन ओळी ओलांडून गेले आणि दगड शांतपणे वाचला. कोवाच आम्ब्रुश. रडका.

"हा माझा नाही," ते म्हणाले.

"अरे, रडका तूच की! आता तर सरळ लिहिलंय!"

"मी रडका? असं कुठं लिहिलंय?"

भोपळ्यानं पलीकडच्या खांबाकडे पाहिलं. मग त्याच्या डोळ्यांच्या कडा हळूहळू ओल्या झाल्या. निदान एकाच्या बाबतीत तरी दगड खरा ठरला.

नोव्हेंबरच्या मध्यावर टपालवाली पिरोश्का सायकलवरून काकांच्या फाटकाशी आली. काका अंगणात पिंपाला कडं चढवत होते. पिरोश्काच्या हातात गुबिकचं पाकीट होतं. वर फक्त 'कोवाच आम्ब्रुश, किशहोमोक'. टोपणनाव नाही. तरी ते तेरा घरं हिंडलं नव्हतं. वाफ लागली नव्हती. सरळ इथंच आलं होतं, कोरं करकरीत, बंद.

पण हातोड्याच्या आवाजात काकांना सायकलची घंटा ऐकू आली नाही. पिरोश्कानं तोंडाला हात लावून हाक मारली, "अहो, नुसतेकाका!"

आणि आम्ब्रुशकाका वळले.

वळले आणि मग हातोडा हातात तसाच धरून थिजले. स्वयंपाकघराच्या खिडकीत काकू कांदा चिरत होत्या. त्यांचा सुरा थांबला.

"मी बदकं बघत होतो," काका म्हणाले.

आकाशात एकही बदक नव्हतं. पिरोश्कानं मान डोलावली, पाकीट फाटकावर ठेवलं आणि गावभर सांगायला निघाली.